मोडलेलं हाड आणि कमरेतलं इंजेक्शन

मांडीचं हाड मोडलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की पहिल्या तासात त्याला काय मिळतं, हे आपल्याकडे तिथे काम करणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असतं. सलाईन लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं आणि कमरेत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची एक सुई बसते. कधी तिच्या जोडीला ट्रामाडॉल, कधी जुन्या सवयीने फोर्टविन-फेनर्गन ही वेदनाशामक आणि गुंगीच्या औषधाची जोडी. मग स्ट्रेचर एक्स-रेकडे निघतं. वाटेतल्या प्रत्येक उंबऱ्याला चाक आदळतं, माणूस किंचाळतो आणि कुणीतरी सांगतं, "दादा, इंजेक्शन दिलंय ना, थोडं सहन करा." इंजेक्शन दिलेलं असतंच. ते लागू पडलं का, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही मॉर्फिन आणि फेंटानिल ही अफूवर्गीय, म्हणजे अफूच्या कुळातली, वेदनाशामकं रोज वापरतो. ज्या माणसाचं दुखणं दुपारी टेबलावर घेतल्यावर पाच मिनिटांत थांबतं, तोच माणूस त्याच इमारतीत, एक मजला खाली, पहाटेपासून कळवळत पडलेला असतो. औषध एका जिन्यावर उपलब्ध असताना त्याने ते तास तसे का काढायचे, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. माझं म्हणणं असं आहे: मोठ्या इजेत अफूवर्गीय औषध स्नायूत टोचणं थांबवावं. मोठ्या माणसांना ते शिरेतून थोडं थोडं द्यावं, लहान मुलांना नाकातून द्यावं. आणि कोणत्याही वाटेने दिलं तरी दहा मिनिटांच्या आत परत जाऊन विचारावं. या तीनांत शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यांत वरचं स्थान देतो.

आधी कमरेतल्या सुईबद्दल. औषध स्नायूत सोडलं की ते शरीरभर पोचायला त्या स्नायूतून रक्त नीट वाहावं लागतं. अपघातात बरंच रक्त गेलं असेल, हातपाय गार पडले असतील, तर शरीर कातडीचा आणि स्नायूंचा रक्तपुरवठा आवळतं आणि मेंदू-हृदयाकडे वळवतं. म्हणजे ज्याला औषधाची सगळ्यांत जास्त निकड, त्याच्याच कमरेत ते साठून राहतं. अर्ध्या तासानेही माणूस ओरडतोच आहे, म्हणून दुसरी सुई. मग कधी तिसरी. पुढे सलाईन गेलं, रक्त चढलं, अंगात ऊब आली, की साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं आणि श्वास मंदावतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे मॉर्फिन भरलेल्या, सुई जोडलेल्या छोट्या ट्यूब असत. टोचून झाल्यावर रिकामी ट्यूब जखमीच्या कॉलरला अडकवायची, म्हणजे किती दिलंय हे पुढच्याला कळावं, अशी पद्धत होती. तरीही हा प्रकार घडतच होता. हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने १९४४ साली युद्धातल्या जखमींना उशिराने होणाऱ्या मॉर्फिनच्या विषबाधेबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याला आता ऐंशी वर्षं होऊन गेली.

मग ही सुई टिकली कशामुळे? माझ्या मते तिचं कारण वैद्यकीय नाहीच. शीर शोधावी लागत नाही, पाच मिनिटं उभं राहावं लागत नाही, नाडी-श्वास मोजत बसावं लागत नाही. सुई दिली, कागदावर टिक केली, काम संपलं. रात्रपाळीला एकटी सिस्टर, दारात दारूच्या नशेतला घोळका, एकीकडे साप चावलेला, दुसरीकडे प्रसूतीची घाई, अशा ठिकाणी परत यावं न लागणारी पद्धत टिकणारच. सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. पण मनुष्यबळ कमी म्हणून निवडलेल्या पद्धतीला आपण उपचाराचा नियम मानून बसलो आहोत, हे तरी कबूल करायला हवं. शिवाय ती वाटते तितकी सुरक्षितही नाही. रक्त गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यात डायक्लोफिनॅकची भर पडते. आणि फोर्टविनमधलं पेंटाझोसिन एका मर्यादेपलीकडे वेदना कमी करत नाही. उलट नंतर कुणी मॉर्फिन दिलंच, तर त्याच्या कामात आडवं येतं.

शिरेतून दिलेलं औषध यापेक्षा कितीतरी भरवशाचं, यावर भूलशास्त्रात दुमत नाही. फेंटानिल दोन-तीन मिनिटांत लागू पडतं आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. पाय सरळ करून फळी बांधायची असेल तेव्हा ते सोयीचं. मॉर्फिन सावकाश चढतं, पूर्ण परिणामाला वीस मिनिटं घेतं, पण तीन-चार तास सोबत करतं. रक्तदाब घसरलेला असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर मॉर्फिनपेक्षा फेंटानिल बरं. इथपर्यंत पुस्तकी आहे. पुस्तकात वाचूनही हातून निसटते ती पुढची गोष्ट: शीर लावली म्हणजे काम झालं असं नव्हे. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम मॉर्फिन हा प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेला आकडा. २००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीव्र वेदना घेऊन आलेल्या रुग्णांना हाच डोस शिरेतून एकदा दिला आणि अर्ध्या तासाने तपासलं. ६७ टक्के रुग्णांचं दुखणं निम्म्यानेही कमी झालेलं नव्हतं. औषध तेच, वाट उत्तम, डोस पुस्तकातला, तरी तीनातले दोघं तसेच.

कारण साधं आहे. एकाच वजनाच्या, एकच हाड मोडलेल्या दोन माणसांना लागणारं मॉर्फिन दुपटीने-तिपटीने वेगळं असू शकतं, आणि कुणाला किती लागेल हे आधी सांगता येत नाही. देऊन बघावं लागतं. फ्रान्समध्ये यासाठी वापरली जाणारी पद्धत मला सगळ्यांत सुबोध वाटते: साठ किलोच्या वरच्या माणसाला ३ मिलिग्रॅम, खालच्याला २ मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी, वेदना शंभरच्या मापावर तीसपर्यंत उतरेस्तोवर. माणूस पेंगुळला किंवा श्वास मंदावला की थांबायचं. आपल्याकडे १० किंवा १५ मिलिग्रॅमची अॅम्प्युल मिळते. ती सलाईनमध्ये पातळ करून एका मिलीलिटरला एक मिलिग्रॅम असं सिरिंजमध्ये भरायचं, वर चिठ्ठी चिकटवायची, एवढीच काय ती तयारी. सत्तरीच्या आजींना निम्म्याने द्यायचं आणि जास्त वेळ थांबायचं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉक्टरांनी तर हे आणखी सोपं केलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हायड्रोमॉर्फोन हे मॉर्फिनच्याच कुळातलं औषध १ मिलिग्रॅम दिलं आणि पंधरा मिनिटांनी एकच प्रश्न विचारला: आणखी औषध हवंय का? हो म्हटलं की आणखी एक मिलिग्रॅम. पुढचा डोस ठरवायला वेदनेला दहापैकी किती गुण, हा हिशेब लागलाच नाही.

आपल्या वॉर्डात हा प्रश्न विचारून बघा. शून्य ते दहाचा आकडा खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला पटकन सांगता येत नाही, ते नुसतं "लई दुखतंय" म्हणतात. पण "किती उतरलं?" असं विचारलं तर "आठ आणे कमी झालं" असं उत्तर मिळतं, आणि ते पक्कं असतं. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना पहिल्या दोन डोसांनंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "बरंय." चेहऱ्यावर मात्र बरं काहीच नव्हतं, पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलेलं होतं. "आजी, रुपयातलं किती गेलं?" म्हटल्यावर म्हणाल्या, "चार आणे. पण तुम्हाला किती तरास द्यायचा." आपल्याकडे रुग्ण औषध मागून घेत नाही. पाहुण्याकडे दुसऱ्यांदा चहा मागू नये तसं ते त्याला वाटतं. म्हणून मागण्याची वाट बघणारी कोणतीही पद्धत आपल्याकडे तोकडीच पडणार. विचारायची जबाबदारी आपल्याला घ्यावी लागेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. विचारत बसण्यापेक्षा रुग्णाच्याच हातात बटण द्या. दुखलं की दाबेल, पंप ठरलेला डोस देईल. शस्त्रक्रियेनंतर ही सोय चांगली चालते. इंग्लंडमधल्या पाच रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या जखमींवर तिची चाचणी झाली, निकाल २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. बटणवाल्या गटाने सरासरी ४४ मिलिग्रॅम मॉर्फिन घेतलं, नेहमीच्या पद्धतीच्या गटाला २७ मिलिग्रॅम मिळालं, आणि वेदनेत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही. बटणवाले रुग्ण जास्त समाधानी होते, हेही खरं. मी याचा अर्थ असा लावतो की त्या चाचणीत दोन्ही गटांच्या वेदनेची तासातासाला नोंद होत होती. नेहमीच्या गटाकडेही कुणीतरी परत परत जात होतं. जिथे माणूस परत येतो तिथे यंत्राचा फायदा आटतो. आणि दोन्ही गटांत दुखणं बऱ्यापैकी शिल्लक राहिलं होतं, म्हणजे इंग्लंडलाही अजून बरंच शिकायचं आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांनी मात्र त्या पंपांवर पैसे घालवण्यापेक्षा कॅज्युअल्टीत एक सिस्टर वाढवावी.

मुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे आपण सर्वांत निष्ठुर वागतो आणि उपाय सर्वांत सोपा आहे. हात मोडलेलं मूल आधीच घाबरलेलं असतं. त्यात शीर शोधायला चौघांनी धरून ठेवायचं, दोनदा सुई फसायची, तिसऱ्यांदा आईच रडायला लागायची. म्हणून मग "लहान आहे, राहू द्या" म्हणत नुसतं पॅरासिटामॉलचं सिरप. ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ४०४ मुलांवर झालेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. हाड मोडल्याचा संशय असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना नाकात डायमॉर्फिनचा फवारा दिला, निम्म्यांना स्नायूत मॉर्फिनची सुई. फवारा घेताना ८० टक्के मुलांना काहीच त्रास झालेला दिसला नाही. सुईच्या गटात हे प्रमाण होतं ९ टक्के. आराम पडायला वेळही फवाऱ्यालाच कमी लागला. डायमॉर्फिन म्हणजे हेरॉईनच, ते आपल्याला नको, मिळणारही नाही. पण २००७ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या डॉक्टरांनी ७ ते १५ वर्षांच्या ६७ मुलांमध्ये नाकातलं फेंटानिल आणि शिरेतलं मॉर्फिन यांची तुलना केली, आणि दोन्हींत फरक आढळला नाही. फेंटानिल तर आपल्या प्रत्येक थिएटरात आहे.

आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडलेला एक मुलगा आठवतो, वीस किलोच्या आसपासचा. मनगटाच्या वर हात असा वाकलेला की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. किलोमागे दीड मायक्रोग्रॅम धरून ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या अॅम्प्युलमधलं ०.६ मिलीलिटर. सिरिंजच्या टोकाला फवारा करणारी मऊ टोपी बसवली, अर्धं एका नाकपुडीत, अर्धं दुसऱ्या. "बाळा, नाकात गार लागेल." तो आईच्या मांडीवरच होता, कुणी धरलं नाही. सहा-सात मिनिटांनी त्याने दुसऱ्या हाताने गच्च धरून ठेवलेला मोडका हात हळूच सैल सोडला. फळी बांधताना त्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण हात ओढून घेतला नाही. शीर नंतर लावली, सावकाश.

मोठ्यांना हीच युक्ती तितकी लागू पडत नाही. नाकपुडीत एका वेळी अर्धा, फार तर एक मिलीलिटर जिरतो. बाकीचं घशात उतरतं. साठ किलोच्या माणसाला याच हिशेबाने ९० मायक्रोग्रॅम लागतील, म्हणजे आपल्या अॅम्प्युलमधलं १.८ मिलीलिटर. पर्थमध्ये वापरलं होतं ते द्रावण आपल्यापेक्षा तिप्पट घट्ट होतं. नाकातून रक्त येत असेल, चेहऱ्याची हाडं मोडली असतील, तर ही वाट बंदच. म्हणून मोठ्यांसाठी शीर मिळेपर्यंतचा आधार, एवढंच तिचं स्थान.

आणि प्रत्येक इजेला अफूवर्गीय औषध हवंच असंही नाही. पाय मुरगळून किंवा हात दुखावून आलेल्या ४१६ रुग्णांची ब्रॉन्क्समधलीच चाचणी २०१७ साली आली. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलेल्यांना दोन तासांनी तितकाच आराम होता, जितका अफूवर्गीय गोळ्या घेतलेल्यांना. चालत आलेल्या, बोलणाऱ्या माणसाला या दोन गोळ्या द्याव्यात, कमरेत सुई तर नकोच. खुब्याच्या आणि मांडीच्या मोडलेल्या हाडाला जांघेतल्या नसेभोवती बधिरीकरणाचं इंजेक्शन दिलं की मॉर्फिन कमी लागतं. हे काम शिकलेला डॉक्टर कॅज्युअल्टीत असावा यासाठी मी वेगळा भांडेन.

कायद्याचं कारण अजून पुढे केलं जातं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. परवान्यांच्या जंजाळाला आणि तुरुंगाच्या भीतीला कंटाळून रुग्णालयांनी औषध ठेवणंच सोडलं. ज्या देशात नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत, त्या देशात हे घडलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाने गरजेच्या तुलनेत अफूवर्गीय औषध किती पोचतं याचा देशनिहाय हिशेब मांडला, त्यात भारताच्या वाट्याला ४ टक्के आले. पण केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल यांच्यासह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरेशी झाली. कर्करोगाच्या वेदनेसाठी लढलेली ही लढाई अपघाताच्या रुग्णाच्याही कामाची आहे, हे आपल्या कॅज्युअल्टीपर्यंत पोचलेलंच नाही. दुहेरी कुलपाचं कपाट, नोंदवही, दोघांच्या सह्या, रिकाम्या अॅम्प्युलचा हिशेब, हे सगळं थिएटरात रोज चालतं. तसंच एक कपाट खालच्या मजल्यावर ठेवायला नवा कायदा लागत नाही.

व्यसनाची भीती मी हलकी मानत नाही. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनाने सुमारे ८० हजार माणसं गेली, आणि त्या साथीची सुरुवात डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून झाली होती. आपल्याकडेही ट्रामाडॉलच्या गैरवापरामुळेच २०१८ साली ते एनडीपीएसखाली आणावं लागलं. पण घरी नेण्यासाठी लिहिलेल्या महिनाभराच्या गोळ्या आणि सिस्टरच्या डोळ्यांसमोर शिरेतून दिलेले तीन डोस, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. घरी जाताना अफूवर्गीय गोळ्यांची चिठ्ठी लिहू नये, फारच लागल्या तर दोन-तीन दिवसांच्या, याबद्दल मी कडक आहे.

श्वासाची भीती खरी आहे, आणि तिला उत्तर आहे. बोटाला ऑक्सिमीटर, जवळ ऑक्सिजन आणि हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग, ट्रेमध्ये मॉर्फिनचा परिणाम उलटवणाऱ्या नालोक्सोनची अॅम्प्युल. थोडं थोडं देणारा माणूस अतिडोसाच्या आधीच थांबतो, कारण रुग्ण पेंगुळतो तेव्हा तो समोर असतो. डोक्याला मार असेल, रुग्ण गुंगीत असेल, तर आणखी जपून. आणि "दुखणं थांबवलं तर निदान चुकेल" या म्हणण्याबद्दल: पोटरीत आतला दाब वाढून स्नायू मरायला लागतात तेव्हा दुखणं हीच पहिली खूण असते, हे बरोबर. पण तिथेही योग्य डोसाला न जुमानणारं, वाढत जाणारं दुखणं हीच खूण असते. ती ओळखायला दर काही वेळाने विचारावं लागतंच. ज्याला कमरेत सुई देऊन कोपऱ्यात ठेवलं, त्याच्या पोटरीकडे कुणी सकाळपर्यंत बघत नाही.

राहता राहिली १०८ ची गाडी. २०१४ पासून ९३७ गाड्या राज्यभर धावू लागल्या आणि कितीतरी जीव वाचले. आपल्या या गाड्यांत डॉक्टर असतो, बरेचदा बीएएमएस झालेला. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णवाहिकांत डॉक्टर नसतानाही प्रशिक्षित पॅरामेडिक मॉर्फिन, फेंटानिल देतात, लेखी नियमावलीच्या चौकटीत. आपल्या डॉक्टरला ते का देता येऊ नये? सुरुवात नाकातल्या फेंटानिलपासून, मुलांपासून करता येईल: ठरलेला डोस, फोनवर जिल्हा रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरची परवानगी, गाडीत कुलूपबंद पेटी, परतल्यावर अॅम्प्युलचा हिशेब. त्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याला औषध नियंत्रकाबरोबर बसून एक आदेश काढावा लागेल आणि या डॉक्टरांना थिएटरात आमच्याजवळ शिकायला पाठवावं लागेल. शिकवायला आम्ही तयार आहोत. तोवर निदान प्रत्येक कॅज्युअल्टीच्या कागदावर नाडी आणि रक्तदाबाच्या शेजारी दुखण्याचा एक रकाना छापून घ्या, आणि तो दोनदा भरण्याची सक्ती करा: एकदा औषध देताना, दुसऱ्यांदा दहा मिनिटांनी, वेळ आणि सहीसकट.